विदर्भातल्या गावात जुनी एसयूव्ही घेताना: काय बिघडतं, किती लागतं

सोयाबीनचे पैसे हाती आले आणि कापसाचा पहिला वेचा निघाला, की आमच्या यवतमाळ-वाशीम पट्ट्यात जुन्या गाड्यांची विचारपूस सुरू होते. घरात आठ माणसं, मोठा दवाखाना वीस-पंचवीस किलोमीटरवर, पांदण रस्त्याने वावरात जायचं, लग्नसराईत एका दिवसात तीन गावं करायची. अशा घराला जुनी स्कॉर्पिओ किंवा बोलेरो घ्यावीशी वाटणं साहजिक आहे, आणि नीट पाहून घेतली तर ती अनेक वर्षं साथ देते. पहिल्यांदा घेणारा फसतो तो बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. तो गाडीची किंमत ठरवतो, पण गाडीच्या पहिल्या वर्षाचा खर्च धरत नाही. जवळची सगळी रक्कम सौद्यातच जाते आणि दोन महिन्यांनी क्लच बसला की गाडी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी राहते.

म्हणून हा लेख खर्चापासून सुरू करतो. इथले सगळे आकडे बाहेरच्या चांगल्या गॅरेजमधले, मजुरी धरून, आणि अंदाजे आहेत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दीडपट, कधी दुप्पटही धरून चाला. गावाकडे बहुतेक डिझेल गाड्याच विकायला येतात, त्यामुळे बोलणंही डिझेलचंच आहे.

पायरी १: आधी पैशांची विभागणी

समजा तुमच्याकडे आठ लाख आहेत. तर साडेसहा लाखांच्या वरची गाडी बघूच नका. उरलेले दीड लाख असे जातात: चार टायर बदलायचे असतील तर ३५ ते ४५ हजार, पूर्ण सर्व्हिस १० ते १५ हजार, पुढच्या सस्पेन्शनचं काम २० ते ३० हजार, बॅटरी ७ ते ९ हजार, विमा आणि नाव बदलण्याचा खर्च २० ते ३० हजार. हे सगळं एकदम निघेलच असं नाही. पण जुनी गाडी विकणारा माणूस टायर, बॅटरी आणि सर्व्हिस टाळूनच विकतो, हे धरून चालायला हरकत नाही. राहिलेले ३०-४० हजार हात न लावता ठेवा.

विम्यात एक बारकावा आहे. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीचा हप्ता इंजिनाच्या आकारावर ठरतो. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांप्रमाणे १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला ३,४१६ रुपये आणि १५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये, त्यावर जीएसटी वेगळा. अलीकडच्या बोलेरोचं इंजिन १४९३ सीसीचं आहे, स्कॉर्पिओचं २१७९ सीसीचं. दरवर्षीचा हा फरक किरकोळ वाटतो, पण खर्चाच्या वहीत तो लिहावा.

पायरी २: मिस्त्री कुठे आहे ते बघून गाडी निवडा

गाडी कोणती घ्यावी, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: तुमच्या गावापासून तीस-चाळीस किलोमीटरच्या आत ती दुरुस्त करणारा मिस्त्री आहे का? गाडी बंद पडल्यावर टो करून नागपूर किंवा अमरावतीला न्यायची वेळ आली, तर नुसत्या टोचेच पाच-सात हजार होतात. वर गाडी तिथे आठवडाभर पडून राहते ते वेगळंच.

या कसोटीला बोलेरो सगळ्यात पुढे आहे. रचना साधी, मागे पाट्यांचं सस्पेन्शन, आणि सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळतात. आरामाची अपेक्षा ठेवू नका, मागच्या बाकावर कंबर दुखते. २०१६ मध्ये बोलेरो पॉवर प्लस आली, तिच्यात दीड लिटरचं इंजिन आहे. त्याआधीची अडीच लिटरची इंजिनं जुन्या मिस्त्र्यांच्या हातात जास्त बसलेली आहेत.

स्कॉर्पिओ ही विदर्भातली मनातली गाडी. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये तिची चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा बदलला. त्यानंतरची गाडी रस्त्यावर जास्त स्थिर वाटते, म्हणून बजेटमध्ये बसत असेल तर २०१५ पासून पुढची पाहा. २.२ लिटरचं एमहॉक इंजिन टिकाऊ आहे, टायमिंगला (व्हॉल्वची उघडझाप वेळेवर ठेवायला) चेन आहे आणि वेळेवर ऑइल बदललं तर लांब चालतं. खर्च काढतात ते त्याच्या भोवतीचे भाग: इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे), टर्बोचे (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचे) पाइप, सस्पेन्शनचे बुश, स्टिअरिंग, एसीची कूलिंग कॉइल.

एक्सयूव्ही ५०० स्वस्तात मिळते, कारण २०२१ मध्ये ती बंद झाली. चालवायला छान, पण इलेक्ट्रॉनिक्स भरपूर, आणि क्लचसोबत फ्लायव्हील (क्लच ज्यावर बसतो ती जड चकती) बदलायची वेळ आली तर बिल ४० ते ६० हजारांपर्यंत जातं. नागपूर-अमरावतीत राहणाऱ्याने घ्यावी. खेड्यात पहिली गाडी म्हणून मी सुचवणार नाही. टाटा सफारी स्टॉर्मचंही तसंच: बांधणी दणकट, बसायला ऐसपैस, पण २०१९ नंतर ती बंद आहे आणि क्लच-फ्लायव्हीलचं काम महाग. रेनॉ डस्टरचं डिझेल इंजिन मायलेजला उत्तम, मात्र त्यात टायमिंग बेल्ट असतो. तो वेळेवर न बदलता तुटला तर व्हॉल्व पिस्टनवर आपटतात आणि इंजिन उघडावं लागतं. बेल्ट बदलल्याचं बिल दाखवलं नाही तर बेल्टचे १० ते १५ हजार किमतीतून कमी करून मागा. फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवण्याची घोषणा सप्टेंबर २०२१ मध्ये केली आणि शेवरलेने २०१७ च्या अखेरीस इथली विक्री बंद केली. या दोन कंपन्यांच्या गाड्या वाईट नाहीत, पण एका सेन्सरसाठी गावात दहा दिवस थांबायची तयारी हवी.

फोर व्हील ड्राइव्हचा, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणाऱ्या फोर बाय फोर गाडीचा मोह होणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ओल्या काळ्या मातीत टायरच्या नक्षीत चिखल भरून टायर गुळगुळीत होतं, मग मोठी गाडीसुद्धा जागीच फिरते. टू व्हील ड्राइव्ह स्कॉर्पिओ पावसाळ्यात पांदणीतून निघेल या भरवशावर घेऊ नका. आणि फोर बाय फोर घेतलीच तर ती लावून, चालवून पाहा. वर्षानुवर्षं न वापरल्याने तिची यंत्रणा अडकलेली असते आणि ती सुरू करायला १५ ते ४० हजार लागू शकतात.

पायरी ३: गाडी आली कुठून?

नंबर प्लेटवरून बरंच कळतं. एमएच २७ अमरावती, २८ बुलढाणा, २९ यवतमाळ, ३० अकोला, ३१ नागपूर, ३२ वर्धा, ३३ गडचिरोली, ३४ चंद्रपूर, ३५ गोंदिया, ३६ भंडारा, ३७ वाशीम, ४० नागपूर ग्रामीण. गाडी जिल्ह्यातलीच असेल तर तिचा इतिहास चार लोकांना विचारून काढता येतो. हा गावाचा मोठा फायदा आहे, तो सोडू नका.

दिल्लीची गाडी स्वस्त का मिळते, तेही समजून घ्या. १० वर्षांवरच्या डिझेल गाड्या दिल्ली परिसरात चालू देऊ नयेत, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. तेव्हापासून तिथल्या गाड्या इतर राज्यांत उतरू लागल्या. गाडी वाईटच असेल असं नाही. पण तिच्यासाठी फॉर्म २८ वरची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) लागते, महाराष्ट्रात नव्याने नोंदणी करावी लागते आणि इथला वाहन कर भरावा लागतो. ही रक्कम आधी आरटीओत विचारून घ्या. दलाल 'करून देतो' म्हणाला तर आधी करून दे, पैसे नंतर, असं स्पष्ट सांगा.

एमएच ०७, ०८ म्हणजे सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या गाड्या खाऱ्या हवेत वाढलेल्या असतात. त्यांच्या चेसिसला आतून गंज असतो, तो वरून रंगवलेला दिसतो. चेसिसवर पेचकसाची मूठ ठोकून आवाज ऐका. ठस्स वाजलं तर शंका घ्या.

नागपूरची गाडी असेल तर पाण्याची चौकशी कराच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात ढगफुटीसारखा पाऊस झाला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं आणि असंख्य गाड्या बुडाल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. सीटखालचे लोखंडी रूळ, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर दिसणारं शेवटचं टोक, स्टेपनीची जागा, डॅशबोर्डखालच्या वायरींचे जोड इथे गाळाची रेघ किंवा गंज दिसतो. बुडालेली गाडी अर्ध्या किमतीतही घेऊ नका. तिच्या वायरिंगचे दोष वर्षभर एकामागून एक निघत राहतात.

वणी-चंद्रपूरच्या खाण पट्ट्यात ठेकेदारांकडे चाललेल्या गाड्यांचं मीटर कमी दाखवतं, पण एसी लावून तासन्‌तास उभ्या राहिल्यामुळे इंजिन मात्र भरपूर चाललेलं असतं. काळी-पिवळीतून निघून खासगी झालेल्या गाड्यांचीही अशीच चौकशी करा. क्लच पेडलचं रबर, स्टिअरिंगचा घासलेला भाग आणि ड्रायव्हर सीटचा खचलेला काठ मीटरपेक्षा खरं सांगतात.

पायरी ४: कागद, घरी बसूनच

गाडी पाहायला निघण्याआधी नंबर मागवा आणि एमपरिवहन ॲपवर टाका. नोंदणीची तारीख, विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, ते दिसतं. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चालानच्या साइटवर थकलेला दंड बघा. समृद्धी महामार्गावर पळालेल्या गाड्यांवर वेगाचे दंड साठलेले असतात.

विम्याची जुनी पॉलिसी मागा आणि तिच्यावरचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची हप्त्यातली सवलत वाचा. तो २० टक्क्यांपासून चढत पाच वर्षांत ५० टक्क्यांवर जातो. 'एकदाही ठोकली नाही' म्हणणाऱ्याच्या आठ वर्षांच्या गाडीच्या पॉलिसीवर बोनस शून्य असेल, तर मागच्या वर्षी क्लेम झाला असावा किंवा विमा मध्येच तुटला असावा. नेमकं काय झालं ते त्याला विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

गावाकडची सगळ्यात मोठी अडचण मात्र वेगळीच आहे. गाडी तिघांच्या हातून गेलेली असते आणि आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) नाव पहिल्याच मालकाचं असतं. मधले व्यवहार शंभराच्या स्टॅम्प पेपरवर. अशी गाडी कितीही चांगली असली तरी, आरसीवरचा मालक स्वतः सही करायला येत नसेल, तर सोडून द्या. तो वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी व्हावी लागते, त्यासाठी फॉर्म ३१ असतो. बोजा असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय इसारापलीकडे रक्कम देऊ नका.

आणि वय मोजा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी, नूतनीकरणाची फी आणि पर्यावरण कर लागतो. २०१२ ची गाडी घेतलीत तर २०२७ मध्ये हे सगळं तुमच्या दारात येणार, ते आजच्या किमतीतून वजा झालं पाहिजे.

पायरी ५: गाडी दोनदा पाहा, सकाळी आणि भर दुपारी

फोनवरच सांगा: "भाऊ, सकाळी थंड गाडी पाहायची आहे, आम्ही येईपर्यंत चालू करू नका." पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. आधीच तापवून ठेवलेली गाडी तुम्हाला काही सांगत नाही.

इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं किंवा कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीचं झाकण उघडा. आत हिरवा, गुलाबी, स्वच्छ रंग हवा. तांबूस गढूळ पाणी दिसलं तर थांबा. आपल्याकडे कूलंटऐवजी विहिरीचं किंवा बोअरचं पाणी ओतायची सवय आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर हे पाणी क्षारांनी भरलेलं. ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या आत पापुद्रे धरतं, पाण्याचा पंप खातं, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की इंजिन उकळतं. एकदा जोरात उकळलं की हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग वाकतो आणि त्याखालची सील, म्हणजे हेड गॅस्केट उडतं.

गॅस्केट गेल्याच्या खुणा ओळखता आल्या पाहिजेत. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत दुधाळ साय. कूलंटमध्ये तेलाचा तवंग. गाडी सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच वरचा रबरी पाइप दगडासारखा कडक होणं. बाटलीत सतत बुडबुडे येणं. गॅस्केट बदलून हेड फेसिंग (हेड घासून सपाट) करायचं तर १८ ते ३० हजार, हेडला तडा असेल तर त्याच्या कितीतरी वर. रेडिएटर नवा ७ ते १२ हजार, पाण्याचा पंप ४ ते ७ हजार.

इथे एक युक्ती आपल्या भागात फार चालते. गाडी तापते म्हणून मिस्त्री थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप) काढून टाकतो. काटा खाली येतो, मालक खूश. पण मूळ दोष तसाच राहतो, हिवाळ्यात इंजिन नीट गरम होत नाही, डिझेल जास्त पितं आणि झीज वाढते. ओळख सोपी आहे: दहा-बारा किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर चालवूनही तापमानाचा काटा मधोमध येऊन थांबत नसेल, खालीच रेंगाळत असेल, तर थर्मोस्टॅट बहुधा नाही. तो बसवायला दीड-दोन हजार लागतात. तो का काढला होता, हे शोधायला किती लागतील ते सांगता येत नाही. म्हणून अशा गाडीचा भाव मोठ्या फरकाने पाडा किंवा ती सोडा.

आता गाडी सुरू करा. पहिल्या-दुसऱ्या झटक्यात सुरू व्हायला हवी. बराच वेळ सेल्फ मारावा लागला, सुरुवातीला पांढरा धूर आणि टकटक आवाज आला, तर संशय इंजेक्टरवर जातो. कॉमन रेल इंजिनात डिझेल दीड हजार बारच्या आसपासच्या दाबाने फवारलं जातं, तिथे पाण्याचा थेंब आणि धुळीचा कण दोन्ही घातक. ट्रॅक्टरसाठी डब्यात, ड्रममध्ये साठवलेलं डिझेल गाडीत ओतणाऱ्या घरची गाडी असेल तर हा धोका जास्त. एक नवा इंजेक्टर १५ ते २२ हजारांना पडतो आणि ते चार असतात. पंप-नोझलच्या कारागिराकडे दुरुस्ती ४ ते ७ हजारांत एक अशी होते, ती नीट केली तर चांगली टिकते. घेण्याआधी त्याच्याकडून परतीच्या डिझेलची, म्हणजे बॅक-लीकची तपासणी करून घ्या. हजाराच्या आत काम होतं आणि पन्नास-साठ हजारांचा धोका कळतो.

गरम झाल्यावर इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करा. थोडी वाफ चालते. झाकण नाचायला लागलं, धुराचे झोत आले, तर रिंगा-पिस्टनची झीज आहे. निळा धूर दिसला तर ऑइल जळतंय. पूर्ण इंजिन बांधायला ८० हजार ते दीड लाख लागतात. अशी गाडी फक्त मिस्त्र्याने घ्यावी.

काळा धूर आणि पिकअप नसणं म्हणजे टर्बो गेला, असं लगेच मानू नका. बऱ्याचदा टर्बोपासून इंटरकूलरकडे (हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारा रबरी पाइप फाटलेला असतो, दीड ते चार हजारांचं काम. कधी ईजीआर व्हॉल्व (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) काजळीने चोंदलेला असतो, सफाई हजार-दोन हजारांत. खरंच टर्बो गेला असेल तर दुरुस्ती १० ते १५ हजार आणि नवा २५ ते ४५ हजार.

दुपारी दोन वाजता पुन्हा या. एसी पूर्ण लावा आणि गाडी उन्हात दहा मिनिटं उभी चालू ठेवा. काटा सरकला किंवा उभ्या गाडीत गारवा गेला, तर कंडेन्सरवरचा पंखा, गॅस किंवा कॉम्प्रेसर यांपैकी काहीतरी आहे. गॅस भरणं दोन-अडीच हजार. कूलिंग कॉइल गळत असेल तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो, ८ ते १४ हजार. कॉम्प्रेसर १५ ते २५ हजार.

बॉनेट उघडं असतानाच कोपऱ्यांत पाहा. सोयाबीनची फोलपटं, सरकी, कापसाचे बोळे दिसले तर उंदरांनी घर केलेलं आहे. गोदामाशेजारी लावलेल्या गाडीच्या वायरी ते हमखास कुरतडतात. वायरिंग जोडायला २ ते १० हजार, आणि जोड नीट नसेल तर दर महिन्याला डॅशबोर्डवर इशाऱ्याचा नवा दिवा पेटतो.

पायरी ६: चालवून पाहा, मग रॅम्पवर चढवा

काचा बंद, गाणी बंद. आधी खराब रस्त्यावर, मग डांबरी रस्त्यावर.

गतिरोधकावर सावकाश जाताना पुढून खट्‌खट् आवाज आला तर लिंक रॉड, बॉल जॉइंट किंवा लोअर आर्मचे बुश. आपल्या रस्त्यांवर हे जातातच, त्यासाठी गाडी नाकारू नका. पूर्ण पुढचं काम २० ते ३० हजार, शॉकअप जोडी ६ ते ९ हजार. स्टिअरिंग रॅकमधून तेल गळत असेल तर किट टाकून ५ ते ८ हजार, नवा रॅक १५ ते २५ हजार.

चौथ्या गिअरमध्ये हळू वेगावरून ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज वाढला पण वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. स्कॉर्पिओ-बोलेरोत प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग धरून १२ ते २० हजार. ताशी साठ-सत्तरवर ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागून घरघर येत असेल तर ती क्राउन-पिनियनची (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरची), २० ते ३५ हजारांची. गिअर टाकताना खालून 'टक्' वाजलं तर बहुधा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, तो दोन हजारांच्या आत येतो. हे दोन्ही आवाज वेगळे ओळखायला तुमचा मिस्त्री सोबत असणं बरं. त्याला दिवसाचे हजार-पंधराशे द्या आणि तो विकणाऱ्याच्या ओळखीतला नसावा, एवढं पाहा.

शेवटी रॅम्प आणि स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेले दोष वाचणारं यंत्र). स्कॅनर लावायला पाचशे ते हजार घेतात. आधीच्या दिवशी पुसलेले दोष गाडी तीस-चाळीस किलोमीटर चालल्यावर पुन्हा उमटू लागतात, म्हणून स्कॅन चालवण्याच्या आधी नको, नंतर करा.

२०२० च्या एप्रिलपासून प्रदूषणाचे बीएस ६ नियम आले, त्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ असतो. घर ते वावर, वावर ते घर अशी तीन-चार किलोमीटर चालणारी गाडी काजळी जाळून टाकण्याइतकी तापत नाही आणि तो चोंदतो. सफाई ८ ते २० हजार, नवा घ्यायचा तर लाखाच्या आसपास. तुमचं चालवणं असंच तोकडं असेल तर त्याआधीची बीएस ४ गाडी तुम्हाला जास्त सोयीची. बीएस ६ घेतलीच तर आठवड्यातून एकदा तिला हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं सलग पळवा.

पायरी ७: सौदा

मिस्त्र्याने काढलेले दोष कागदावर लिहा, प्रत्येकासमोर रक्कम टाका आणि तो कागद विकणाऱ्यापुढे ठेवा. "जास्त वाटते, कमी करा" यापेक्षा "क्लचचे पंधरा, टायरचे चाळीस" याला उत्तर द्यावं लागतं. शांतपणे बोला. त्याचीही गाडी आहे, तिच्यावर त्याचाही जीव असतो.

इसार पाच-दहा हजारांच्या वर देऊ नका आणि त्याची पावती घ्या. बाकी रक्कम बँकेतून. ताबा घेताना तारीख आणि वेळ लिहिलेली ताबा पावती दोघांच्या सहीने करा, म्हणजे आधीचा दंड किंवा अपघात तुमच्या माथी येत नाही. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्याच दिवशी सह्या घ्या. राज्यातल्या राज्यात गाडीचा मालक बदलला तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्याच मुदतीत विमाही स्वतःच्या नावावर करून घ्या. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस तुमच्याकडे येत नाही, तेवढा फरक भरावा लागेल. विमा जुन्याच नावावर राहिला आणि अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जातो.

पायरी ८: पहिला महिना

इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर हे चारही बदला, विकणारा काहीही म्हणो. गिअर आणि क्राउनचं ऑइलही. डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा बोल्ट सोडून पाणी काढायला शिका, पावसाळ्यात ते दर महिन्याला करा.

कूलिंगचं काम फेब्रुवारीतच उरकून घ्या. रेडिएटर इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हलक्या पाण्याने धुवा. कापसाचे तंतू आणि धूळ पुढून मारलेल्या पाण्याने आणखी आत बसतात. जुनं पाणी पूर्ण काढा आणि डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेलं कूलंट भरा. कूलंटची एक जादा बाटली गाडीतच ठेवा, म्हणजे वाटेत कुणाच्या बोअरचं पाणी ओतायची वेळ येत नाही.

टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत असली तरी सहा वर्षांपुढचं टायर घेऊन समृद्धीच्या काँक्रिटवर मे महिन्यात ताशी १२० ने जाऊ नका. नवी टायर लगेच परवडत नसतील तर ती येईपर्यंत जुन्या रस्त्याने, ऐंशीच्या आत चालवा, आणि हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरा.